नव्याण्णव मिनिटं

विजयदुर्गच्या टपालघरात मी तारा वाटायचो,
बेचाळीस साली. वय तेरा, पायात काही नाही.
भिंतीवर लंबकाचं घड्याळ होतं
आणि खाली धक्क्यावर, आगबोटीच्या एजंटाकडे, दुसरं.
दोन्ही नीट चालायची,
दोघांत एकोणचाळीस मिनिटांचं अंतर.

वरचं सरकारी. खालचं मुंबईचं.
सरकारी वेळ माझ्या जन्माआधीच आली होती
तारेच्या खांबाखांबावरून,
पण बोटवाला शेठ जुनीच धरून बसलेला,
आणि बोट चुकायची ती शेठच्या घड्याळानं.
कुणी "चार वाजता येतंय" म्हटलं
की समोरचा विचारी,
"वरचे चार की खालचे?"

लाडोबा सारंगाला दोन्ही नकोत.
त्याचं गणित तिथीची पाऊणपट:
चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, तेव्हा भरती पुरी.
तीन म्हणजे कुणाचे तीन
हे शिकवणाऱ्यानं त्याला सांगितलं नव्हतं.
शिकवणाऱ्याच्या वेळी दुपार एकच होती,
डोलकाठीची सावली पायाशी आली की बारा.

मग लढाई.
सप्टेंबरात हुकूम आला, घड्याळं तासभर पुढे.
फणसळकर मास्तर स्टुलावर चढले, काटा ढकलला,
उतरता उतरता बेरीज केली:
"एकोणचाळीस नि साठ. नव्याण्णव."
थंडीत शाळेची घंटा काळोखात व्हायला लागली.
कोंबडा उशिरा आरवतो म्हणून
गिर्याच्या एका घरात त्याची मान गेली.
पडाव एकदा चिखलात बसला, माणसांसकट, सुपारीसकट.
लाडोबा नव्हता त्यावर.

लाडोबाचा वासू मालवाहू जहाजावर खलाशी.
त्रेचाळीसच्या पावसाळ्यानंतर त्याची तार आली.
त्याची म्हणजे त्याच्याबद्दलची.
मी ती हातात धरून पायरीशी उभा,
मागून मास्तर धापा टाकत चढण चढून आले.
त्यांनीच वाचली. जहाज, तारीख,
दुपारी दोन चाळीस.

लाडोबानं जाळ्यातली सुई काढून कानावर ठेवली.
"मास्तरानू, ही वेळ खयच्या घड्याळाची?"
मास्तर गप्प.
"माका इतक्याच सांगा.
तेव्हा मी काय करी होतंय?
जाळा ओढी होतंय, की जेवी होतंय?"

मास्तरांनी तारेच्या मागे पेन्सिलीनं मांडायला घेतलं.
वरची वेळ. खालची. जहाजावरची तिसरीच,
ती तर रोज थोडी सरकणार.
पण जहाज कुठल्या समुद्रात, ते लिहायला बंदी होती,
आणि समुद्र कळल्याशिवाय वेळ कळत नाही.
पेन्सिल दोनदा थुंकीत ओली केली त्यांनी.
मग कागदाची घडी घालून तशीच परत दिली.

पंचेचाळीसचा अश्विन, नवमी.
लढाई संपली होती, सरकार घेतलेला तास परत देणार होतं
मध्यरात्री.
लंबकाचं घड्याळ मागे फिरवायचं नसतं, टोले बिघडतात.
म्हणून बाराला मास्तरांनी लंबक बोटानं धरला
आणि आम्ही तासभर थांबायचं ठरलं.

लाडोबा तेवढ्यात आला.
कुणी बोलावलं नव्हतं.
पायरीवर बसला, विडी पेटवली नाही.
इतकी वर्षं टिकटिकीत झोपलेल्या त्या खोलीत
मी पहिल्यांदा खाडी ऐकली:
खडकांच्या फटींतून उतरत जाणारं पाणी,
शिंपल्यांची बारीक कडकड, दूर एक कुत्रं.

मास्तरांच्या खिशातल्या घड्याळात एक झाला.
त्यांनी लंबकाला धक्का दिला. बारा वाजले, दुसऱ्यांदा.
लाडोबा उठला, धोतर झटकलं.
"पाणी काय थांबाक नाय," म्हणाला
आणि उतरणीला लागला, होडी कोरडी पडायच्या आत.

पुढे खालचं घड्याळही सरकारी झालं,
आगबोटही बंद पडली.
आता माझ्या नातवाच्या फोनवर सगळ्या जगाची वेळ असते.
मी त्याला एकदाच सांगितलं, त्रेचाळीसची ती तारीख काढ,
दुपारचे दोन चाळीस.
"कुठले, आजोबा?" त्यानं विचारलं.